वारं गेलेल्या पावलाची उजळणी

आमच्या सातारा-सांगलीकडे पक्षाघात झाला असं कुणी म्हणत नाही. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. माझ्या थोरल्या चुलत्यांचं तसं झालं, तेव्हा घरात एकच प्रश्न होता : आबा परत उसाच्या बांधावर चालतील का? त्या प्रश्नाचा माग काढताना मी अंगावर चढवायच्या यंत्रांपर्यंत पोचलो.

पाय निकामी झाला असं आपण म्हणतो, पण बिघाड मेंदूत असतो. स्नायूंना हुकूमच पोचत नाही. पाऊल लोंबतं, बोटं जमिनीला घासतात, म्हणून रुग्ण सबंध पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकतो. मेंदूचे शाबूत भाग हरवलेलं काम पुन्हा शिकू शकतात. त्यासाठी नीट पडलेल्या पावलांची शेकडो वेळा उजळणी लागते. दोघांनी धरून चालवायचं, तर आधी धरणारेच दमतात. यंत्र दमत नाही.

स्वित्झर्लंडचं ‘लोकोमॅट’ रुग्णाला पट्ट्यांनी तोलून ट्रेडमिलवर चालवतं. ‘एक्सो’ हा मोटरी बसवलेला सांगाडा कंबर-गुडघ्यांना बळ देतो. पक्षाघातासाठी त्याला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. हार्वर्डच्या संशोधनातून आलेल्या, २०१९ साली मान्यता मिळालेल्या ‘रीस्टोर’मध्ये सांगाडाच नाही : कमरेची मोटर बारीक केबलींनी घोटा ओढते. मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ बनवणाऱ्या केरळच्या जेनरोबोटिक्सनेही ‘जी-गेटर’ हे चालण्याच्या सरावाचं यंत्र केलं आहे. मात्र सगळं यंत्रानंच केलं, तर मेंदू आळसावतो. म्हणून रुग्णाचा जोर जेवढा कमी पडेल तेवढीच भर घालणारं यंत्र चांगलं.

उपयोग किती? कॉक्रेनच्या २०२०च्या आढाव्यात ६२ चाचण्या, २४४० रुग्ण होते. फिजिओथेरपीला यंत्राची जोड दिली, तर दर आठांमागे एक जण अधिक स्वतःच्या बळावर चालू लागतो. सर्वाधिक लाभ पहिल्या तीन महिन्यांत, आणि अजिबात चालता न येणाऱ्यांना.

‘तीन महिने’ वाचून मी थांबलो. आबांचे पहिले दोन महिने आम्ही तेल-मालिशीत आणि ‘जरा ताकद येऊ द्या’ म्हणण्यात घालवले होते. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं रुग्णालय मिरजेत आहे, फिजिओथेरपीचं महाविद्यालय कराडात. दोन्हीकडे जायला आमच्या फाट्यावरून एसटी मिळते.

तिसऱ्या महिन्यात आबा दोन समांतर दांड्यांमध्ये उभे राहिले. आज काठी टेकत बांधाच्या तोंडापर्यंत जातात, पुढे नाही. यंत्र आमच्या तालुक्यात येईल तेव्हा येईल. तोवर एवढं तरी घरोघरी कळायला हवं, की ताकद आल्यावर चालायचं नसतं. चालल्यानंच ती येते.