पद्मिनीचे रबर

जुन्या मोटारीची गोष्ट निघाली की माणसे इंजिनाची चौकशी करतात. ॲव्हरेज किती देते, घाट चढताना दम खाते का, सुटे भाग मिळतात का, हे प्रश्न ठरलेले. काचेभोवतीच्या काळ्या रबराविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. आमच्या मामांकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची सगळी रबरे बदलण्याच्या कामी मी मिस्त्रींच्या हाताखाली होतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात रबरावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण त्या सुट्टीत एक गोष्ट मला पुरती पटली. जुन्या मोटारीचे इंजिन दुरुस्त होते. तिचा जीव जातो तो पत्रा सडल्यामुळे, आणि पत्र्याचे सडणे बहुधा रबरापाशी सुरू होते.

पद्मिनी मूळची इटलीची, पण वाढली आपल्या कुर्ल्यात. प्रीमियर कंपनीने तेथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० चे नवे रूप बनवायला घेतले आणि पुढे १९७४ च्या सुमारास तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. शतक पालटले त्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली. आता उरल्या आहेत त्या हौशी मालकांच्या दारातल्या गाड्या. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. मामांच्या गाडीची तपासणी तोंडावर आली होती, आणि चालकाच्या पायाखालची मॅट उचलली तर पत्र्याच्या भोकातून खालचा रस्ता दिसत होता. गाडी राहणार की भंगारात जाणार, असा तो प्रश्न होता.

मिस्त्रींनी मात्र खालच्या भोकाकडे न बघता वरच्या काचेकडे बोट दाखवले. “पाणी वरून येतं, बाळ, आणि भोक खाली पडतं,” ते म्हणाले. समोरच्या काचेच्या कोपऱ्यात रबराला भेगा होत्या. तेथून झिरपलेले पाणी डॅशबोर्डामागून उतरत मॅटखाली साचत होते. मॅट वरून कोरडी, खाली ओल. मग गंज न लागेल तर नवल!

रबर असे फुटते का? नैसर्गिक रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयरला असे आढळले, की गंधकाबरोबर तापवल्यास या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि रबर उन्हात वितळत नाही, थंडीत कडक होत नाही. परंतु साखळ्यांत काही कच्चे दुवे उरतातच. हवेतला ओझोन वायू नेमका त्यांवर घाला घालतो, आणि जेथे रबर ताणलेले असते तेथे आधी. म्हणून भेगा पहिल्यांदा कोपऱ्यात दिसतात. हल्ली दारे-खिडक्यांसाठी ई.पी.डी.एम. नावाचे कृत्रिम रबर वापरतात. त्याच्या मुख्य साखळीत असे कच्चे दुवे नसल्याने ते ऊन-पाऊस अधिक सोसते. तेल आणि ग्रीस मात्र दोन्ही रबरांचे शत्रू. चकाकी यावी म्हणून रबरावर ऑइलचा बोळा फिरवण्याची पद्धत आहे. त्याने रबर फुगून मऊ पडते.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम गळती शोधायची. एकाने बाहेरून पाइपने पाणी सोडायचे, तेही खालून वर सरकत, आणि दुसऱ्याने आत विजेरी घेऊन बसायचे. आधीच वरून पाणी ओतले तर सगळीकडे ओल दिसते आणि मूळ सापडत नाही. जुने रबर काढताना ते ओढत बसू नये. बाहेरची कड ब्लेडने कापून टाकली की काच अलगद सुटते. कापलेला तुकडा मात्र जपून ठेवावा. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर नाव सांगून माल मागण्यापेक्षा तुकड्याचा छेद दाखवणे बरे. दुकानदार त्यावरून अचूक जोड काढून देतो.

मग उघड्या पडलेल्या कडेचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून तिला रेड ऑक्साइड आणि रंग लावायचा व तो पुरता वाळू द्यायचा. गंजावर नवे रबर बसवणे म्हणजे जखमेवर मलम न लावता पट्टी बांधणे.

काच बसवण्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. रबर आधी काचेभोवती चढवतात. त्याच्या आतल्या खाचेत सुतळी फिरवून तिची दोन्ही टोके आतल्या बाजूला सोडतात. साबणाचे पाणी लावून काच चौकटीला टेकवली, की बाहेरचा माणूस तळव्याने दाबतो आणि आतला सुतळी हळूहळू ओढतो. सुतळी निघत जाते तसतशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते.

दाराची पट्टी चिकटवताना ती ताणू नये. ताणलेले रबर काही दिवसांनी आखडते आणि जोडापाशी फट पडते. जोड नेहमी खालच्या बाजूला ठेवावा. नंतर दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे व ती ओढून पाहावी. सहज निघाली तर रबर तेथे टेकत नाही असे समजावे.

दिव्यांमागच्या रबरालाही कमी लेखू नये. तेथून पाणी शिरले की परावर्तक काळवंडतो आणि होल्डर गंजतो. बल्बचा विजेचा परतीचा मार्ग गाडीच्या पत्र्यातूनच असतो. तो गंजाने अडला की दिवा मंदावतो. कधी ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणतो. म्हणून रबर बदलताना अर्थिंगची जागा घासून घ्यावी, आणि स्क्रू बेताने आवळावेत, नाहीतर प्लॅस्टिकची काच तडकते.

आमच्या गाडीच्या तळाला नवा पत्रा वेल्डिंग करून बसवला. ती तपासणीत उत्तीर्ण झाली. त्या एका पत्र्याच्या कामाला सगळ्या रबरांपेक्षा जास्त पैसे पडले, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

शेवटी मिस्त्रींनी दाखवलेली एक गोष्ट. पद्मिनीच्या दारांना तळाशी छोटी भोके असतात. खिडकीची काच वर-खाली होते त्या फटीतून थोडे पाणी दारात उतरणारच. ते या भोकांतून बाहेर पडावे अशी योजना आहे. धुळीने किंवा रंगाने ती बुजली, तर उत्तम रबर असूनही दार आतून सडते. पाणी अडवण्याइतकेच त्याला वाट देणेही महत्त्वाचे. तेव्हा ज्यांच्या घरी जुनी गाडी असेल त्यांनी मे महिन्यात एक बारीक तार घेऊन ती भोके तेवढी मोकळी करून ठेवावीत. या कामाला पाच मिनिटे लागतात.