मोठ्यांच्या वर्गात गुरुजींनी बोलावं किती?

तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीच्या आसपास धानाच्या बांध्या आहेत आणि डोंगरी बुजुर्गची मँगनीज खाणही. अशा भागात साक्षरता वर्गाला येणारी बाई दिवसभर रोवणी करून आलेली असते. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठीच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात तिला शिकवणारा स्वयंसेवक तिच्या मुलाच्या वयाचाही असू शकतो. अशा वर्गात चर्चा निघाली, की त्याने किती बोलावं?

गैरसमज : आधी अक्षरं, चर्चा नंतर.
वस्तुस्थिती : किती पऱ्ह्यांत (धानाच्या रोपांत) किती बांधी रोवली जाते, मजुरी किती बुडाली, हे वाचता न येणारीलाही कळतं. ब्राझीलमधल्या आंजिकोस इथे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली सुमारे ३०० जणांसाठी ४० तासांचे वर्ग चालवले, तेही त्यांच्याच बोलण्यातले शब्द घेऊन, चर्चेतून. आपल्याकडच्या ‘उल्लास’च्या चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण आहेत. चर्चेला गुण नाहीत, म्हणून ती सहज मागे पडते.

गैरसमज : चांगला शिक्षक चर्चेत गप्प बसतो.
वस्तुस्थिती : फ्रेरे यांच्या या वर्गांत, म्हणजे ‘मंडळां’त, शिक्षकाच्या जागी समन्वयक असे, पण मूग गिळून बसणं हे त्याचं काम नव्हतं. चित्र दाखवणं, प्रश्न टाकणं, बोलणं पुढे नेणं त्याच्याकडेच असे. शिकवणारा गप्प बसला म्हणून सगळे सारखे होत नाहीत. ज्याचा आवाज गावात आधीच मोठा, त्याचाच वर्गातही चालतो. सासू आणि सून एकाच चटईवर असतील, तर सुनेपर्यंत प्रश्न पोचवावा लागतो. सुरुवातीच्या दिवसांत तर जास्तच.

गैरसमज : मोठ्या माणसांची चूक दाखवली, की ती दुखावतात.
वस्तुस्थिती : मत आणि माहिती यांत फरक आहे. ‘ग्रामसभेत जाऊन काय फायदा?’ हे मत. त्यावर इतरांना बोलू द्यावं. ‘ग्रामसभा सरपंचाच्या मनात आलं तरच भरते’ ही चुकीची माहिती. ती तिथल्या तिथे दुरुस्त करावी. महाराष्ट्रात वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. एवढं सांगून पुन्हा मागे सरकावं. माणूस दुखावतो तो चारचौघांत हसं झालं की.

गैरसमज : शेवटचा शब्द शिक्षकाचाच.
वस्तुस्थिती : गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने याचं उत्तर कधीच दिलंय. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे कार्यकर्तेही बसत, माहिती देत, प्रश्न विचारत. निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वसहमतीने, गावकऱ्यांचाच. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव ते हेच.

म्हणजे सगळा प्रश्न बोलण्याच्या मापाचा नाही, बोलण्याच्या जागेचा आहे. विषय मांडताना, अडलेल्याला वाट करून देताना आणि माहिती चुकली तर बोलावं; ठरवायची वेळ आली, की थांबावं. एखाद्या संध्याकाळी यायला उशीर झाला आणि आत चर्चा रंगलेली ऐकू आली, तर स्वयंसेवकाने दारातच जरा उभं राहावं. त्याचं शिकवणं लागू पडलंय.