एलएलएमच्या दारात निकालपत्राची परीक्षा

वरणगाव : कायद्याची पदवी हाती आल्यानंतर एलएलएम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे आता पाठांतराऐवजी वाचनाचा प्रश्न उभा राहिला आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी होणाऱ्या ‘क्लॅट’ परीक्षेत न्यायालयीन निकाल, कायदे वा नियम यांतील उतारे दिले जातात आणि त्यांवर प्रश्न विचारले जातात. कलमांचे क्रमांक तोंडपाठ असूनही निकालपत्र वाचण्याची सवय नसेल, तर या परीक्षेत निभाव लागणे कठीण आहे. वरणगाव, भुसावळ परिसरातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र यात एक दिलासाही आहे. महागडे शिकवणी वर्ग मोठ्या शहरांत एकवटले असले, तरी निकालपत्रे आता घरबसल्या विनामूल्य वाचता येतात.

परीक्षेचे स्वरूप

पदव्युत्तर क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येक प्रश्नास एक गुण असून चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. एलएलबीला किमान ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४५ टक्के गुण आवश्यक असतात. अंतिम वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांची दारे याच परीक्षेतून उघडतात. राज्यातील इतर महाविद्यालयांतील एलएलएमसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी वेगळी आहे.

उताऱ्यातील वादाचा मुद्दा कोणता, न्यायालयाने काय ठरवले आणि त्याची कारणे कोणती, हे ओळखणे येथे महत्त्वाचे ठरते. त्या विषयाशी संबंधित इतर निकाल व तरतुदींची माहितीही तपासली जाते.

खान्देशातील एक उदाहरण

निकाल कसा वाचावा, हे समजण्यासाठी खान्देशाशी थेट नाते असलेला एक निकाल उपयोगी पडेल. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी ‘नर्मदा बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार’ या याचिकेवर निर्णय दिला. सरदार सरोवरामुळे बुडिताखाली जाणारी महाराष्ट्रातील मणिबेलीसारखी गावे त्या वेळी नव्याने झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात होती. १९९४ मध्ये याचिका दाखल झाली, तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यातच मोडत होता.

निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. न्या. बी. एन. किरपाल यांनी स्वतःसाठी व सरन्यायाधीश ए. एस. आनंद यांच्यासाठी बहुमताचा निकाल लिहिला. धरण बांधण्याचा निर्णय हा शासनाच्या धोरणाचा भाग असून न्यायालयाने त्यावर अपील ऐकल्याप्रमाणे बसू नये, अशी त्यांची भूमिका होती. प्रकल्पाला आव्हान देण्यास विलंब झाल्याचेही त्यांनी नोंदवले. मात्र विस्थापितांचे पुनर्वसन हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी निगडित प्रश्न असल्याने तो त्यांनी विचारात घेतला. धरण ९० मीटरपर्यंत नेण्यास परवानगी देताना पुढील उंची पुनर्वसनाच्या बरोबरीनेच वाढवावी, असे बंधन घालण्यात आले.

न्या. एस. पी. भरुचा यांचे मत वेगळे होते. १९८७ मधील पर्यावरणीय मंजुरी आवश्यक माहिती हाती नसतानाच दिली गेली, असे सांगून तज्ज्ञ समितीकडून नव्याने तपासणी होईपर्यंत बांधकाम थांबवावे, असे त्यांनी म्हटले.

विद्यार्थी फसतात कोठे?

अशा निकालातील उतारा समोर आला की तीन ठिकाणी गफलत होण्याची शक्यता असते. न्यायमूर्ती आधी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद नोंदवतात. ‘याचिकाकर्त्यांचे म्हणणे असे की’ या शब्दांनंतर येणारे वाक्य न्यायालयाचे मत नसते. पण घाईत वाचणारा तेच उत्तर म्हणून निवडतो. भरुचा यांचे असहमतीचे मत कितीही पटले, तरी ते बंधनकारक नसते, ही दुसरी खूणगाठ बांधावी. तिसरी गफलत निकालाचा आधार आणि ओघात केलेले मतप्रदर्शन यांत फरक न केल्याने होते. एखादे विधान वगळूनही निकाल तसाच लागला असता का, हा प्रश्न स्वतःला विचारला की हा फरक बहुधा उमगतो.

आधीच्या निकालांचा उल्लेखही लक्षपूर्वक वाचावा लागतो. तामिळनाडूतील चर्मोद्योगांच्या प्रदूषणाविषयी १९९६ मध्ये आलेल्या वेल्लोर निकालातील सावधगिरीचे तत्त्व नर्मदेच्या याचिकेत मांडले गेले होते. धरण हा प्रदूषण करणारा उद्योग नव्हे, असे सांगून बहुमताने ते येथे लागू केले नाही. जुना निकाल रद्द न करता तो वेगळा ठरवण्याची ही रीत परीक्षेतील प्रश्नाचा विषय होऊ शकते.

रोज एक निकाल

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘ई-एससीआर’ ही विनामूल्य व्यवस्था सुरू केली. काही निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने आधी अनुवाद वाचून मुद्दा समजून घ्यावा आणि मग मूळ इंग्रजी निकालाकडे वळावे, कारण परीक्षेतील उतारे इंग्रजीतच असतात. निकाल वाचून झाल्यावर वस्तुस्थिती, वादाचा मुद्दा, निर्णय व कारणे ही चार टिपणे एका पानात लिहावीत आणि ती पुन्हा मूळ निकालाशी ताडून पाहावीत. अखेरच्या महिन्यात हाच सराव घड्याळ लावून करावा.

ही सवय प्रवेशापुरती कामाची नाही. एलएलएमचा प्रबंध लिहिताना किंवा भुसावळच्या न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडताना, न्यायालयाने नेमके काय ठरवले आणि काय ठरवले नाही, हे सांगता येण्यावरच सारे अवलंबून असते.