उपग्रहाला सोयाबीन दिसत नाही

दुष्काळी तालुक्यांची यादी निघाली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ज्यांचं नाव यादीत आलं ते म्हणतात, उपग्रहानंच सांगितलंय, आता वाद कसला? ज्यांचं हुकलं ते म्हणतात, आभाळातून शेतातलं काय कळणार? भांडण असलं तरी दोघांचा समज एकच आहे: उपग्रह आपलं शेत बघतो आणि पीक कसं आहे याचा निकाल देतो. प्रत्यक्षात तो यातलं काहीच करत नाही. तो जमिनीवरून परत आलेला प्रकाश मोजतो. जिवंत हिरवं पान सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारी जवळची अवरक्त किरणं मोठ्या प्रमाणात परत फेकतं. या दोहोंतल्या फरकाला त्यांच्या बेरजेनं भागलं की एक आकडा मिळतो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. तिथे हिरवं पान किती आहे, एवढंच त्या आकड्यात असतं. पान सोयाबीनचं की तणाचं, हे त्यात लिहिलेलं नसतं.

मग पिकाचं नाव येतं कुठून? मुख्यतः कॅलेंडरवरून. जूनअखेर-जुलैत पेरलेलं सोयाबीन सप्टेंबरच्या शेवटी पिवळं पडू लागतं आणि ऑक्टोबरात रान मोकळं होतं. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते. ऊस जवळपास वर्षभर हिरवा. हिरवेपणा कधी चढला आणि कधी उतरला, त्यावरून पीक ओळखतात. त्यासाठी आधी काही शेतांत प्रत्यक्ष जाऊन तिथे काय पेरलंय याची नोंद करावी लागते, म्हणजे ओळखीला आधार मिळतो. महाराष्ट्रात 2021 पासून शेतकरी स्वतः ई-पीक पाहणी भरतात. ती नोंद जितकी खरी, तितका वरचा नकाशा भरवशाचा. मराठवाड्यातल्यासारखं सोयाबीनच्या ओळींत तुरीचं आंतरपीक असेल, तर दोन कॅलेंडरं एकाच चौकटीत मिसळतात आणि ओळख डळमळते.

‘हिरवं म्हणजे चांगलं’ हा गैरसमज त्याहून महागात पडतो. पाऊस जास्त झाला की सोयाबीन कधी नुसतंच माजतं: कमरेएवढी झाडं, गर्द पानं आणि शेंगा मोजक्या. वरून ते रान उत्तम दिसतं. शिवाय पानांनी जमीन पुरती झाकली की एनडीव्हीआय फारसा वाढत नाही, त्यामुळे बऱ्या पिकात आणि भरघोस पिकात तो नीट फरक करू शकत नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत 2023 च्या खरिपापासून भाताच्या उत्पन्नाचा अंदाज तंत्रज्ञानावरून घ्यायला सुरुवात झाली, तेव्हाही त्याला निदान 30 टक्के भार ठरला. उरलेला पीक कापणी प्रयोगांवरच राहिला. ठराविक मापाचा चौकोन आखून, पीक कापून, मळून दाणे तोलण्याची जागा अजून दुसऱ्या कशानं घेतलेली नाही.

आता ‘माझं शेत’ या शब्दांकडे बघू. युरोपीय सेंटिनेल-2 उपग्रहाची सगळ्यात बारीक चौकट 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे 100 चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटरच्या आसपास. योगायोगच, पण सोयीचा: एक चौकट म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकरात अशा चाळीस चौकटी बसतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण शेताच्या कडेच्या चौकटींत बांध, बाभूळ आणि शेजाऱ्याचा ऊस यांचा प्रकाश मिसळलेला असतो. दहा गुंठ्यांच्या अरुंद पट्टीत तर निखळ आपलीच म्हणता येईल अशी चौकट मुश्किलीनं सापडते. रोजच्या रोज चित्र देणाऱ्या मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची 250 मीटरची चौकट सव्वासहा हेक्टरांची, म्हणजे पंधरा एकरांहून मोठी. तिच्यात एकट्याचं शेत शोधण्यात अर्थ नाही.

आणि चित्र मिळायला आभाळ तरी मोकळं हवं. जुलै-ऑगस्टात, पिकाचं भवितव्य ठरत असताना, ढग हटत नाहीत. दर पाच दिवसांनी सेंटिनेल-2 वरून जातो हे खरं, पण त्यातल्या कित्येक फेऱ्यांत हाती ढगच लागतात. म्हणून पंधरवड्यातल्या स्वच्छ तेवढ्या चौकटी वेचून एक चित्र जुळवतात. याला उत्तर म्हणून रडारचं नाव घेतलं जातं. भारताचा ईओएस-04 हा फेब्रुवारी 2022 मध्ये सुटलेला उपग्रह रडारचाच. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. भातासाठी हे तंत्र खरोखर नामी आहे. कोकणात चिखलणी होऊन खाचरात पाणी साचलं की सपाट पाण्यावर आपटलेल्या लहरी दुसरीकडे निघून जातात आणि खाचर चित्रात काळं दिसतं. लावणीनंतर रोपं वाढली की तीच जागा उजळत जाते. काळ्याचं उजळ होणं ही भाताची खूणच. सोयाबीन-कापसात मात्र अशी ठळक खूण नाही. तिथे ओली माती आणि वाढतं पीक एकमेकांत मिसळून रडारलाही चकवतात.

एवढ्या मर्यादा असतील तर उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. उपयोग तुलनेत आहे. एका पंधरवड्याचा सुटा आकडा फारसं बोलत नाही. पण त्याच जागेचा, त्याच पंधरवड्याचा मागच्या अनेक वर्षांचा आकडा शेजारी ठेवला की बोलू लागतो. तेव्हाही घाई करून चालत नाही. जुलैत आकडा खाली दिसला तर पीक करपलंय असं नाही, कदाचित पाऊस लांबल्यानं पेरणीच उशिरा झाली असेल. म्हणूनच 2016 च्या दुष्काळ संहितेत पाऊस ही पहिली पायरी आहे, मग पिकाचा हिरवेपणा, जमिनीतला ओलावा वगैरे निर्देशांक, आणि शेवटी निवडक गावांत जाऊन पडताळणी. उपग्रह इथे कुठे जाऊन बघायचं ते सांगतो.

2023 चा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी 31 ऑक्टोबरला महाराष्ट्रात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, 24 गंभीर आणि 16 मध्यम. बाकीच्या तालुक्यांतून ओरड झाली आणि दहा-बारा दिवसांत आणखी हजाराच्या आसपास महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. ती पावसाच्या मोजणीवरून: सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि एकूण 750 मिलिमीटरच्या आत. यावरून उपग्रह फसला असा निष्कर्ष काढणारे बरेच होते. मला तो पटत नाही. गुंठ्यागुंठ्याची माहिती हाती असू शकते, आणि निर्णय तालुक्याच्या सरासरीवर होतो. धरणाच्या लाभक्षेत्रातल्या चार हिरव्या मंडळांनी उरलेल्या कोरड्या मंडळांची सरासरी वर ओढली, तर चूक चौकटीची नाही, बेरजेची आहे.

पैसेवारी, म्हणजे पिकाचा नजर अंदाज, यापेक्षा बरी होती, असंही काही जण म्हणतात. नजर अंदाज करणारा माणूस गावातला होता, त्याला शेंगा दिसत होत्या, हे मान्य. पण दोन गावांचे अंदाज एकाच मापानं झाले का, हे तपासायला तिथे जागा नव्हती. उपग्रहाचा आकडा कुणीही पुन्हा काढून बघू शकतो, सेंटिनेलची चित्रं तर फुकट मिळतात. तेव्हा यादीवर हरकत घ्यायची तर ‘आभाळातून काय कळतं’ या वाक्यानं हाती काही लागणार नाही. कोणत्या पंधरवड्यांची चित्रं वापरली, त्यांत ढगाखाली किती क्षेत्र गेलं, पडताळणीला कोणती गावं निवडली, हे विचारावं. आणि त्याच चित्रांवरून निर्देशांक तालुक्याऐवजी मंडळवार का जाहीर केला नाही, हेही विचारावं. त्याला नवी चित्रं लागत नाहीत, फक्त बेरजेची हद्द बदलावी लागते.