हृदयाच्या तपासणीनंतर जांघेतील सूज : डॉप्लर व सी.टी. स्कॅनचे महत्त्व

अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टी हे शब्द आता घरोघरी परिचित झाले आहेत. या उपचारांत कॅथेटर ही बारीक नळी जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीतून हृदयापर्यंत नेतात. नळी काढल्यावर रोहिणीचे छिद्र दाब देऊन बंद केले जाते. ते नीट न मिटल्यास काय घडते, याची माहिती मात्र रुग्णाच्या नातेवाइकांना क्वचितच असते.

जांघेत आलेली सूज वरून पाहता सारखीच दिसते; तिचे आतील प्रकार मात्र भिन्न असतात. पहिल्या प्रकारात केवळ रक्त साकळलेले असते. दुसऱ्यात रोहिणीबाहेर रक्ताची पिशवी तयार होते व छिद्रातून रक्त तिच्यात ये-जा करीत राहते. यास स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात. तिसऱ्यात रोहिणी व शेजारची नीला यांच्यात आडवाट निर्माण होते.

हा भेद डॉप्लर सोनोग्राफी दाखविते. वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनिलहरींची वारंवारता बदलते. त्यावरून प्रवाहाची दिशा व वेग कळतो आणि तो पडद्यावर रंगांत दिसतो. साकळलेल्या रक्तात रंग उमटत नाही. पिशवीत तांबडा व निळा भोवरा दिसतो. आडवाट असल्यास नीलेत रोहिणीसारखा वेगवान प्रवाह आढळतो. या तपासणीत क्ष-किरण नसतात व ती रुग्णाच्या खाटेजवळच करता येते.

निदानानुसार उपचार बदलतात. साकळलेले रक्त बहुधा आपोआप जिरते. लहान पिशवी पुष्कळदा स्वतःहून गोठते. मोठीत सोनोग्राफीच्या साहाय्याने थ्रॉम्बिन हे रक्त गोठविणारे द्रव्य टोचतात. आडवाट मोठी असल्यास कधी शस्त्रक्रिया लागते.

परंतु छिद्र जांघेच्या वर पडले, तर रक्त पोटाच्या मागील पोकळीत साठते. तेथे सोनोग्राफी अपुरी पडते, सी.टी. स्कॅन उपयोगी ठरतो. बाहेर सूज नसतानाही कंबर किंवा कूस दुखणे, घाम येणे, रक्तदाब उतरणे ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी क्षणाचाही विलंब घातक ठरतो.

१९८९ मध्ये कॅनडातील डॉ. कॅम्पो यांनी मनगटातून अँजिओग्राफी केल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. या मार्गाने रक्तस्राव कमी होतो, म्हणून तो आज सर्वत्र रूढ आहे.

शिक्षकांनी एवढे अवश्य सांगावे : जांघेतील सूज चोळू नये, शेकू नये. ती वाढत असेल, धडधडत असेल किंवा पाय गार पडत असेल, तर त्वरित रुग्णालय गाठावे. रक्त वाहू लागल्यास रुग्णाला आडवे करून ती जागा घट्ट दाबून धरावी व तातडीने मदत बोलवावी.