घटस्फोट आणि नवा घट : रखमाबाईंच्या पुनरारंभाचा अर्थ

विवाहबंधन तुटणे या एकाच घटनेसाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितके त्यानंतरच्या जीवनासाठी नाहीत. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी, घटस्फोट हे शब्द वरवर समानार्थी भासतात; परंतु प्रत्येकाच्या मुळाशी एक वेगळा सामाजिक व्यवहार आहे. ‘काडीमोड’ हा पंचांच्या साक्षीने होणाऱ्या मोकळिकीचा शब्द होय. गवताची काडी मोडली की संबंध मोडला, इतकी ती साधी आणि दृश्य कृती. ‘फारकत’ फारसी दप्तराच्या वाटेने मराठीत आली. ती मुळात देणेघेणे चुकते झाल्याची लेखी पावती. सावकार आणि ऋणको, भागीदार आणि भागीदार यांच्यातही ती होत असे. ‘सोडचिठ्ठी’चा अर्थ तर शब्दातच उघड आहे. या तिन्ही शब्दांत व्यवहाराचा कोरडेपणा असेल, पण कलंकाची छाया नाही. ज्या समाजांत हे शब्द नांदत होते, त्यांत त्यांच्या शेजारी ‘पाट’ आणि ‘मोहतूर’ हेही शब्द होते. म्हणजे मोडल्यानंतर पुन्हा मांडण्याची सोय भाषेतच होती.

‘घटस्फोट’ हा शब्द मात्र निराळ्या कुळातला. धर्मशास्त्रात घटस्फोट हा विवाहविच्छेदाचा विधी नव्हेच. तो पतिताच्या बहिष्काराचा विधी आहे. आप्तांनी एकत्र जमावे, पाण्याने भरलेला घट दासीकडून पायाने उलथवावा, आणि जिवंत माणूस आपल्यापुरता मेला असे मानून त्याच्याशी बोलणे, बसणे, देणेघेणे बंद करावे, असा तो प्रकार. आधुनिक मराठीने पतिपत्नींच्या कायदेशीर वियोगासाठी नेमका हाच शब्द उचलला. शब्दाची ही निवड कोणी जाणूनबुजून केली नसेल. पण जो वर्ग ती करीत होता, त्याच्या मनातील भीती तीत उमटली आहे. विवाहातून बाहेर पडणे म्हणजे ज्ञातीतून, आप्तवर्गातून, किंबहुना जिवंतांच्या मोजदादीतूनच बाहेर पडणे, ही ती भीती होय.

या शब्दाची दुसरी बाजू सहसा विस्मरणात जाते. बहिष्कृताने प्रायश्चित्त घेतल्यावर त्याला परत घेण्याचाही विधी मनुस्मृतीने सांगितला आहे. आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घट त्या जलात सोडावा. जुना घट उलथवणारे आणि नवा घट सोडणारे हात एकाच आप्तवर्गाचे असतात. आधुनिक घटस्फोटाने पहिला विधी घेतला, दुसरा घेतला नाही. मग नवा घट कोणी आणावयाचा? मराठी समाजजीवनात आणि वाङ्मयात या प्रश्नाचे जे उत्तर हळूहळू घडत गेले, ते ‘स्नेह’ असे आहे. आप्तांनी सोडलेली जागा मित्रमैत्रिणींनी भरून काढली. हे उत्तर प्रथम ज्या आयुष्यात स्पष्टपणे दिसते, ते रखमाबाईंचे होय.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. त्या अगदी लहान असतानाच वडील वारले. आई जयंतीबाई त्या वेळी अवघ्या सतरा वर्षांच्या. हे कुटुंब सुतार ज्ञातीचे. त्या ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. आईला पुन्हा मांडता आलेल्या या घरात मुलीचा विवाह मात्र अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. ती सासरी नांदावयास गेली नाही. घरीच मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके वाचीत, आर्य महिला समाजाच्या सभांतून वावरत ती मोठी झाली. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दाव्याची पावले उचलली, तेव्हा तिने ठाम नकार दिला. जिला कळत नव्हते अशा वयात झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक नाही, हा त्या नकाराचा आशय होता.

पुढील चार वर्षांचा वृत्तांत परिचित असला, तरी त्यातील कायद्याची गुंतागुंत नीट समजून घेतल्यावाचून या पुनरारंभाचे मोल कळत नाही. दावा होता तो वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा. ही कल्पना हिंदू धर्मशास्त्रातील नव्हे. ती इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांतून आलेली. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जे दांपत्य कधी एकत्र राहिलेच नाही, त्याच्या बाबतीत पुनःस्थापना कसली, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८८६ मध्ये अपिलात हा निर्णय फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा दिली : पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा. रखमाबाईंनी कारावास पसंत केला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून टिळकांनी त्यांच्या भूमिकेला कडवा विरोध केला. बेहरामजी मलबारी आदी सुधारक त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये देण्यात आले आणि त्यांनी हुकुमाची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले.

येथे एक सूक्ष्म पण निर्णायक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. या तडजोडीने विवाह मोडला नाही. केवळ हुकूम थांबला. बहुपत्नीकत्वाला कायद्याची आडकाठी नसल्यामुळे दादाजींना दुसरा संसार मांडता येत होता. रखमाबाईंना तो मार्ग नव्हता. म्हणजे काटेकोर अर्थाने हा घटस्फोटही नव्हे. काडी मोडली गेली नाही, फारकत लिहिली गेली नाही, सोडचिठ्ठी मिळाली नाही. ज्या स्त्रीला कायद्याने ना पत्नी म्हणून जगता येते, ना मोकळी म्हणून, तिचा पुनरारंभ दुसऱ्या विवाहातून होणे शक्यच नव्हते. तो दुसऱ्या कुठल्यातरी पायावर उभा राहणे भाग होते, आणि हा पाया स्नेहाचा होता.

डॉ. एडिथ पीची-फिप्सन या एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय प्रवेशासाठी लढलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. १८८३ मध्ये त्या मुंबईला आल्या आणि कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. रखमाबाईंना वैद्यकाकडे वळवण्यात आणि त्यासाठी साहाय्य उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. तेथे ईव्हा आणि वॉल्टर मॅक्लॅरेन या दांपत्याने त्यांना आपल्या घराचा आधार दिला. १८९४ मध्ये शिक्षण पुरे झाले आणि पुढच्याच वर्षी त्या तापीकाठच्या सुरत बंदरात स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. आश्रयदाता आणि स्नेही यांत भेद आहे. आश्रयदाता आसरा देतो आणि त्याबरोबर कृतज्ञतेचे ऋणही देतो. स्नेही काम देतो. पीचीबाईंनी रखमाबाईंना जे दिले ते सांत्वन नव्हते. ज्याच्या जोरावर पुढे कोणाच्याही सांत्वनाची गरज पडू नये, अशी ती विद्या होती.

मुंबई आणि सुरत यांतील अंतर फार नाही; किनाऱ्याने जाणाऱ्या रेल्वेने ही दोन शहरे त्यापूर्वीच जोडली होती. तरीही या अंतराला अर्थ आहे. मुंबईत रखमाबाई म्हणजे एक खटला होता. सुरतेत त्या डॉक्टर झाल्या. बंदराच्या गावाला परक्या माणसाची सवय असते. तेथे मनुष्य कोठून आला यापेक्षा तो काय करतो याला किंमत असते. पुढे राजकोट धरून सुमारे पस्तीस वर्षांची वैद्यकसेवा त्यांनी केली. प्रसूतीच्या खाटेवरील स्त्रीला आपल्या डॉक्टरणीच्या विवाहाचा निकाल विचारावासा वाटत नाही, ही साधी गोष्ट त्यांच्या नव्या प्रतिष्ठेचा आधार ठरली असावी.

या आयुष्यात एक अशी घटना आहे की जिच्यापाशी सोपी स्पष्टीकरणे थबकतात. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा वेष धारण केला, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. ज्या विवाहाला त्यांनी विवाह मानले नाही, त्याचे वैधव्य त्यांनी का स्वीकारावे? यात रूढीपुढील शरणागती पाहता येईल. डॉक्टर म्हणून ज्या अंतःपुरांत वावरायचे, तेथील स्त्रियांचा विश्वास राखण्याचा व्यवहारही पाहता येईल. परंतु तिसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. कायद्याने ज्या संबंधाचा शेवट कधीच केला नाही, त्याला शेवट देण्याचे दुसरे कोणतेही साधन समाजाने त्यांच्या हाती ठेवले नव्हते. समाप्तीचा विधी नसेल तर मनुष्य मृत्यूचाच विधी उसना घेतो. विच्छेदाचा कायदा ही केवळ सुटकेची वाट नसून शोकाला आणि समाप्तीला रूप देणारी संस्थाही आहे, हे या पांढऱ्या वस्त्रावरून कळते.

याच काळात मराठी कादंबरी काय करीत होती? हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचकांपुढे आली. यमू आणि दुर्गी यांची मैत्री हा या कादंबरीचा एक जिवंत धागा आहे. या दोघी एकमेकींना सर्व काही सांगू शकतात. पण एकमेकींसाठी काहीही करू शकत नाहीत. दुर्गीच्या संसाराचे हाल यमू पाहते. यमूच्या वैधव्याची विटंबना मैत्रीला थोपवता येत नाही. येथे मैत्री ही साक्ष आहे, साहाय्य नव्हे. रखमाबाई लंडनमध्ये शिकत असतानाच ही कादंबरी लिहिली जात होती, हे ध्यानी घेतले म्हणजे वास्तवातील एक स्त्री कल्पित स्त्रियांच्या किती पुढे निघून गेली होती, याची कल्पना येते. आपट्यांचा दोष दाखवण्याचा येथे हेतू नाही. सरासरीचे सत्य त्यांनी सांगितले. अपवादाचे सत्य सांगण्याइतका अवकाश त्या काळच्या कथानकाला अद्याप लाभला नव्हता.

तो अवकाश विभावरी शिरूरकर यांनी मिळवला. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘हिंदोळ्यावर’ १९३४ मध्ये. या टोपणनावामागील लेखिका मालतीबाई बेडेकर यांचा हिंदू व्यवहारधर्मशास्त्राचा अभ्यास होता, ही गोष्ट दुर्लक्षणीय नाही. ‘हिंदोळ्यावर’मधील अचला ही पतीने टाकलेली, शिकलेली स्त्री विवाहाच्या चौकटीबाहेर नवे सहजीवन मांडू पाहते. कादंबरीच्या शीर्षकातच तिची स्थिती आहे : पाय जमिनीवर नाहीत, आणि दोर तुटलेलाही नाही. रखमाबाई आणि अचला यांच्यामध्ये जवळजवळ अर्धशतक लोटले होते; तरी कायद्याने अचलेलाही मोकळे केलेले नाही. फरक इतकाच की रखमाबाईंनी कामात जो पुनरारंभ शोधला, तो अचला प्रेमात शोधते. आणि प्रेमाला समाजमान्यता लागते, कामाला ती स्वतः मिळवता येते. म्हणून अचलेचा मार्ग अधिक धाडसाचा असूनही अधिक डळमळीत आहे.

कायदा त्यानंतर आला, आणि किनाऱ्या-किनाऱ्यागणिक निराळ्या वेळी आला. गोव्यात पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या १९१० च्या हुकुमाने घटस्फोटाची, परस्परसंमतीच्या घटस्फोटाचीसुद्धा, तरतूद केली होती. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये हिंदूंसाठी कायदा केला. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये. अखिल भारतीय हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अंमलात आला, आणि परस्परसंमतीचा घटस्फोट त्यात यावयास १९७६ साल उजाडावे लागले. रखमाबाईंचे निधन २५ सप्टेंबर १९५५ रोजी झाले. जो कायदा त्यांना विसाव्या वर्षी हवा होता, तो त्यांच्या नव्वदाव्या वर्षी, मृत्यूपूर्वी चार महिने, आला. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीने मान्य असलेली फारकत अबाधित ठेवली. म्हणजे काडीमोडीला उशिरा का होईना प्रतिष्ठा लाभली. आणि त्याच कायद्याच्या ९ व्या कलमात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा तो जुना दावाही कायम राहिला. इंग्लंडने तो १९७० मध्ये रद्द केला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. परंतु पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याची वैधता उचलून धरली.

यावरून वाङ्मयसमीक्षेने घ्यावयाचा बोध कोणता? घटस्फोटावरील मराठी लेखन आपण बहुधा विच्छेदाच्या क्षणावरून पारखतो. कलह किती प्रत्ययकारी आहे, दोष कोणाचा ठरतो, निर्णय पटतो की नाही, हे आपण विचारतो. तो निकष अपुरा आहे. परित्यक्ता, टाकलेली, सोडलेली ही सारी विशेषणे कर्मणी आहेत. त्यांत क्रिया दुसऱ्याची असते. स्त्री स्वतः कर्ती होते ती त्यानंतर. आणि त्यानंतरच्या कथेत तिच्याभोवती कोण आहे, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. जेथे मैत्रीण केवळ कान देते, तेथे आपण अद्याप यमू-दुर्गींच्या जगात आहोत. जेथे मैत्रीण वा मित्र भाड्याची खोली शोधून देतो, परीक्षेची फी भरतो, रात्रपाळीच्या दिवशी मूल सांभाळतो आणि त्याचा उच्चारही करीत नाही, तेथे कथा रखमाबाईंच्या जगात आलेली असते. ही कामे क्षुद्र दिसतात, म्हणून लेखक ती गाळतात आणि समीक्षक ती नजरेआड करतात. परंतु बहिष्कृताला पुन्हा जिवंतांत घेणारा विधी जर आज कोठे शिल्लक असेल, तर तो या क्षुद्र कामांतच आहे.