स्टूचा डावा हात

रोलिंग स्टोन्सची १९६३ च्या उन्हाळ्यानंतरची जुनी छायाचित्रं काढून बघा. पाच पोरं दिसतात: मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स, बिल वायमन आणि चार्ली वॉट्स. यांच्यातल्या चौघांच्या आधी जो या बँडमध्ये आला, तो सहावा माणूस त्या चौकटीत नाही. त्याचं नाव इयान स्टुअर्ट. सगळे त्याला स्टू म्हणत. तो पियानो वाजवायचा, आणि बँडची गाडीही चालवायचा.

त्याची गोष्ट बहुतेक वेळा अन्यायाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. अन्याय झाला हे खरंच आहे. पण या माणसानं आयुष्यभर काय वाजवलं आणि काय वाजवायला नकार दिला, हे नीट ऐकलं की वेगळंच चित्र उभं राहतं. आपलं संगीत कोणतं हे इतकं पक्कं ठाऊक असलेला वादक त्या पिढीत मला दुसरा दिसत नाही.

स्टूचा जन्म १८ जुलै १९३८ चा, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पिटनवीम या मच्छीमारांच्या गावचा. वाढला मात्र तो लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यात. सहाव्या वर्षी पियानोला हात लागला. त्याच्या जन्मानंतर पाच महिन्यांनी, २३ डिसेंबर १९३८ ला, न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंडनं एक मैफल भरवली होती. अल्बर्ट अमन्स, मीड लक्स लुइस आणि पीट जॉन्सन हे तिघे कृष्णवर्णीय पियानोवादक तिथे बूगी-वूगी वाजवून गेले आणि त्यानंतर अमेरिकेत या प्रकाराची लाटच आली. शिकागोत भाडं जमवण्यासाठी घरोघरी होणाऱ्या पार्ट्यांमध्ये, दक्षिणेकडच्या लाकूडतोड्यांच्या वस्त्यांवरच्या गुत्त्यांमध्ये वाजणारं हे संगीत त्या रात्री प्रतिष्ठितांच्या सभागृहात आलं. स्टू मोठा झाला तो याच तिघांच्या वादनावर जीव जडवून.

बूगी-वूगी म्हणजे काय, हे इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण स्टूचं सगळं आयुष्य त्यातच आहे. बारा मात्रांचं नव्हे, बारा खंडांचं एक आवर्तन असतं. प्रत्येक खंडात चार ठोके. सी या सुरात वाजवायचं ठरलं तर पहिले चार खंड सी कॉर्डवर, पुढचे दोन एफवर, पुन्हा दोन सीवर, मग एक जी, एक एफ आणि शेवटचे दोन परत सीवर. बस, तीनच कॉर्ड. डावा हात या चौकटीत प्रत्येक खंडाला आठ स्वर टाकत अखंड चालत राहतो आणि उजवा हात त्याच्यावर मोकळा खेळतो. तबल्याच्या एकल वादनात लेहरा धरणारा जसा तसूभरही हलत नाही आणि त्याच्या न हलण्यावरच तबलजीची सगळी उडी अवलंबून असते, तसं काम इथे डाव्या हाताचं. फरक एवढाच, की लेहरा आणि तबला दोन्ही एकाच माणसानं सांभाळायचे. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात दोन-तीन मिनिटांतच मनगट भरून येतं, आणि मनगट भरलं की लय पळायला लागते. स्टूची लय पळत नसे.

आणखी एक गोष्ट. बूगी-वूगी हा ब्लूजचाच एक प्रकार, आणि ब्लूजमध्ये खालचा कॉर्ड मेजर असतो, म्हणजे त्यात शुद्ध गांधार असतो. पण उजवा हात वर कोमल गांधाराला चिमटा काढून शुद्धावर घसरतो. या दोन गांधारांच्या घासण्यातच ब्लूजची सारी वेदना आणि सारा खट्याळपणा आहे. कॉर्डच मायनर करून टाकला, कोमल गांधार खालीच बसवून टाकला, की ती घासणी संपते. स्टूला मायनर कॉर्डचा तिटकारा होता, याचे किस्से पुष्कळ सांगितले जातात आणि ते विक्षिप्तपणा म्हणून सांगितले जातात. मला त्यात विक्षिप्तपणा दिसत नाही. त्यात त्याच्या कानाची शिस्त दिसते.

पन्नाशीच्या दशकातला ब्रिटन जुन्या न्यू ऑर्लिन्स जॅझच्या प्रेमात होता. त्या जॅझवाल्यांपैकीच ख्रिस बार्बरनं १९५८ मध्ये ब्लूज गायक मडी वॉटर्सला आणि त्याचा पियानोवादक ओटिस स्पॅन याला इंग्लंडला बोलावलं. मार्च १९६२ मध्ये अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस यांनी लंडनच्या ईलिंगमध्ये एका तळघरात ब्लूजचा क्लब सुरू केला. त्याच क्लबात येणाऱ्या ब्रायन जोन्सनं मे महिन्यात 'जॅझ न्यूज'मध्ये जाहिरात दिली, की ब्लूज वाजवायला साथीदार हवेत. तिला पहिला प्रतिसाद स्टूचा. जॅगर आणि रिचर्ड्स नंतर आले.

तालमी सोहो भागातल्या ब्रिकलेयर्स आर्म्स या पबच्या माडीवर होत. कीथ रिचर्ड्सनं २०१० साली आलेल्या 'लाइफ' या आत्मचरित्रात आपण पहिल्यांदा तिथे गेलो ती वेळ लिहून ठेवली आहे. जिना चढताना पियानो ऐकू येतोय, आणि वर स्टू चामड्याची अर्धी चड्डी घालून बूगी वाजवत बसलाय. वाजवताना डोळे खिडकीबाहेर, कारण खाली त्याची सायकल लावलेली होती आणि ती कुणी पळवू नये म्हणून तो लक्ष ठेवून होता. हात आपलं काम करताहेत, नजर सायकलवर. कीथनं पुढे म्हटलं आहे की त्याच्या लेखी रोलिंग स्टोन्स हा स्टूचाच बँड, आणि आपण अजूनही स्टूसाठीच काम करतो.

स्टू तेव्हा इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या मोठ्या कंपनीत कारकुनी करत होता. इतरांकडे फोन नव्हता. त्यामुळे जाहिरातीत स्टूच्या कचेरीतला नंबर छापला जायचा आणि कार्यक्रमांची बोलणी त्याच्या टेबलावरून व्हायची. सामान न्यायला गाडी घेतली तीही त्यानंच. १२ जुलै १९६२ ला मार्की क्लबमध्ये रोलिंग स्टोन्स या नावानं पहिला कार्यक्रम झाला तेव्हा पियानोवर स्टूच होता. वायमन त्या डिसेंबरात आला, वॉट्स पुढच्या जानेवारीत.

मग १९६३ च्या मे महिन्यात अँड्र्यू लूग ओल्डम हा नवा व्यवस्थापक आला. वय १९. त्याचं म्हणणं असं, की लोकांच्या लक्षात पाच चेहरे राहतात, सहा राहत नाहीत. शिवाय स्टूचा रुंद, पुढे आलेला जबडा आणि धिप्पाड अंगलट त्याच्या डोक्यातल्या कोवळ्या, चिडक्या पोरांच्या चित्रात बसत नव्हती. स्टूला सांगण्यात आलं: रेकॉर्डवर पियानो वाजव, दौऱ्यांची व्यवस्था बघ, पण बँडचा सदस्य म्हणून तुझं नाव येणार नाही. तो हो म्हणाला. ओल्डमचा हिशेब बाजाराच्या दृष्टीनं चुकला नाही हे पुढच्या साठ वर्षांनी दाखवलं. तरीही हा निर्णय मला आजही खटकतो. ज्याच्या फोनवर आणि ज्याच्या गाडीतून बँड उभा राहिला, त्याला जबड्याच्या आकारावरून काढलं गेलं आणि बाकीच्यांनी ते होऊ दिलं.

स्टू मात्र गेला नाही. बावीस वर्षं तो त्यांच्याबरोबर राहिला. दौऱ्यात हॉटेलं ठरवणं त्याच्याकडे असायचं, आणि त्याला गोल्फचं वेड. त्यामुळे बँडचा मुक्काम कित्येकदा शहरापासून लांब, एखाद्या गोल्फ मैदानाशेजारी पडायचा. रात्रभर मजा करायला निघालेल्या मंडळींना बाहेर काळोखाशिवाय काही नसे. रंगमंचावर त्याचा पियानो कडेला, दिव्यांच्या बाहेर. चालू गाण्यात मध्येच मायनर कॉर्ड आला की तो निषेध म्हणून दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलायचा, असं तो स्वतःच सांगे.

डिसेंबर १९६९ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्स स्टुडिओत तीन दिवसांत तीन गाणी झाली. 'ब्राउन शुगर'मध्ये पियानो स्टूचा आहे. गिटार आणि सॅक्सोफोनच्या दाटीत तो चटकन हाती लागत नाही, पण एकदा कानाला सापडला की त्याच्याशिवाय ते गाणं पोकळ वाटतं. 'वाइल्ड हॉर्सेस'ची वेळ आली तेव्हा मात्र त्यात मायनर कॉर्ड निघाले. स्टू बसलाच नाही. मेम्फिसचा जिम डिकिन्सन तिथे हजर होता, त्यानं ते वाजवलं. जगभर गाजलेल्या गाण्यावर आपलं नाव यावं याचा मोह त्याला पडला नाही. अशी भावगीतं पुढे बहुतेक निकी हॉपकिन्सच्या वाट्याला गेली, आणि हॉपकिन्स मोठाच वादक. स्टूच्या वाट्याची वेगळी: 'लेट इट ब्लीड', 'डेड फ्लॉवर्स', 'स्वीट व्हर्जिनिया', 'सिल्व्हर ट्रेन'. ही एकामागून एक ऐकली की बँडच्या बूगीचा कणा कुठे आहे ते कळतं.

१९६८ च्या सुमारास स्टूच्याच कल्पनेतून एक ट्रक तयार झाला. ट्रकच्या पोटात अख्खा ध्वनिमुद्रण कक्ष. स्टुडिओची वेळ संपली म्हणून उठायला नको. वादक असतील तिथे गाडी न्यायची, खिडकीतून वायरी आत सोडायच्या. १९७१ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नेलकोट या बंगल्याच्या तळघरात 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'चं बरंचसं काम याच ट्रकमधून झालं. डिसेंबरात डीप पर्पलनं स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोत 'मशीन हेड' त्याच्यातच मुद्रित केला. बॉब मार्लीची १९७५ ची लंडनची मैफलही त्याच ट्रकनं टिपली. आता तो कॅनडात कॅल्गरीच्या राष्ट्रीय संगीत केंद्रात आहे.

ट्रकबरोबर कधी स्टूही जायचा. १९७१ च्या सुरुवातीला हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत लेड झेपेलिनचं काम चालू असताना तो तिथे होता. 'रॉक अँड रोल' या गाण्याच्या उत्तरार्धात उजव्या हातानं वरच्या सप्तकात एकच जागा ठोकत राहणारा जो पियानो येतो, तो स्टूचा. त्याच मुक्कामात, घरात पडून असलेल्या एका बेसूर पियानोवर तो नुसता वाजवत बसला आणि बाकीचे त्याला येऊन मिळाले. चार वर्षांनी 'फिजिकल ग्राफिटी'त ते निघालं. गाण्याचं नावच 'बूगी विथ स्टू', आणि रचनाकारांत त्याचं नाव. स्टोन्सच्या कुठल्या रेकॉर्डनं त्याला इतकं उघड श्रेय दिलं नव्हतं.

त्याआधी मे १९७० मध्ये हाउलिन वुल्फ ध्वनिमुद्रणासाठी लंडनला आला होता. ज्यांच्या रेकॉर्डी ऐकून ही पोरं वाढली, त्यांच्यापैकी एक प्रत्यक्ष समोर. एरिक क्लॅप्टन, वॉट्स, वायमन यांच्याबरोबर स्टूलाही बोलावणं होतं. गोऱ्या मुलांनी काळ्यांचं संगीत उचललं आणि पैसा केला, हा आरोप त्या पिढीवर होतो आणि त्यात तथ्य आहे. पण स्टूनं या संगीतातून प्रसिद्धी मिळवली नाही, आणि त्याच्या वादनात त्या उगमापासून दूर जाण्याची खटपट कधी दिसत नाही.

आपलं म्हणावं असं जे काही त्यानं उभं केलं ते चाळिशीत. पाइनटॉप स्मिथनं डिसेंबर १९२८ मध्ये बूगी-वूगी हे नाव रूढ करणारी रेकॉर्ड केली. तिला पन्नास वर्षं होतात म्हणून १९७८ मध्ये बॉब हॉल या पियानोवादकानं एक कार्यक्रम जमवला, आणि त्यातून 'रॉकेट ८८' हा जथा तयार झाला. एकाहून अधिक पियानो, पितळी वाद्यांची रांग, ड्रमवर चार्ली वॉट्स, बासवर जॅक ब्रूस, आणि ज्याच्या क्लबात सगळं सुरू झालं तो अलेक्सिस कॉर्नर गिटार घेऊन. नोव्हेंबर १९७९ मधली हॅनोव्हरची त्यांची मैफल १९८१ मध्ये तबकडीवर आली. ती फार खपली नाही. मला ती स्टोन्सच्या त्या काळातल्या सगळ्या रेकॉर्डींपेक्षा जास्त आवडते. वॉट्स मुळात जॅझचा माणूस. स्टूच्या डाव्या हाताशी त्याची झांज जुळते तेव्हा दोघंही किती सैल होऊन वाजवतात ते ऐकण्यासारखं आहे.

श्वसनाचा त्रास होत होता म्हणून १२ डिसेंबर १९८५ रोजी स्टू लंडनमध्ये डॉक्टरांकडे गेला आणि तिथेच, आपला नंबर येण्याची वाट बघत असताना, हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. वय ४७. जॅगर आणि रिचर्ड्स तेव्हा एकमेकांशी धड बोलत नव्हते. फेब्रुवारीत लंडनच्या हंड्रेड क्लबमध्ये स्टूच्या आठवणीसाठी स्टोन्स एकत्र वाजवायला उभे राहिले. १९८२ च्या दौऱ्यानंतर लोकांसमोर ते प्रथमच आले होते. मार्चमध्ये निघालेल्या 'डर्टी वर्क'च्या शेवटी, यादीत न छापलेला एक तुकडा आहे. अर्ध्या मिनिटाचा. 'की टू द हायवे' हे जुनं ब्लूज, एकटा स्टू. हे गाणं लोकांपर्यंत नेलं बिग बिल ब्रून्झीनं, आणि ब्रून्झी १९३८ च्या त्या कार्नेगी हॉलच्या मैफलीतही गायला होता.

१९८९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं स्टोन्सना घेतलं तेव्हा बँडच्या आग्रहावरून स्टूचं नावही सदस्य म्हणून लागलं. पियानोची जागा तोवर चक लेव्हेलकडे आली होती. अलाबामाचा हा वादक १९८२ च्या युरोप दौऱ्यापासून बँडबरोबर आहे, आणि त्याला आत आणण्यात स्टूचा हात होता. ७ एप्रिल २००३ ला मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर स्टोन्स वाजले, तेव्हा पियानोवर लेव्हेलच होता.

२०११ मध्ये बेन वॉटर्स या इंग्लिश बूगीवादकानं 'बूगी फोर स्टू' हा संग्रह काढला. त्यातल्या बॉब डिलनच्या एका गाण्यासाठी जॅगर, रिचर्ड्स, वॉट्स आणि रॉनी वुड तर आलेच; १९९३ मध्ये बँड सोडून गेलेल्या बिल वायमननंही त्यांच्यासोबत बास वाजवला.